मोहन बागान: वाडा गेला, नाव राहिलं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आयएसएलमुळे (इंडियन सुपर लीग, देशातली मोठी फुटबॉल लीग) अलीकडे बरेच मराठी प्रेक्षक कोलकात्याच्या मोहन बागान या फुटबॉल क्लबच्या हिरव्या-मरून जर्सीकडे वळलेत. त्यांचे प्रश्न बहुतेक तेच ते असतात: हे नाव कुणाचं, होडी कशाची, अनवाणी खेळले ही गोष्ट खरी का, आणि तीन वर्षं एका नावावरून एवढा गोंधळ कशासाठी. शेवटचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. माझ्या मते या क्लबबद्दल विचारावा असा खरा प्रश्न तोच आहे, म्हणून त्याचं उत्तर जरा लांबलंय.

मोहन बागान हे कुणा माणसाचं नाव आहे का?

नाही, ते एका वाड्याचं नाव आहे. उत्तर कोलकात्यात फरियापुकुर भागात कीर्ती मित्र यांची 'मोहन बागान व्हिला' नावाची हवेली होती. आसपासची पोरं तिच्या आवारात खेळायची आणि तेच नाव क्लबला चिकटलं. हवेली आता नाही. त्या भागातल्या एका गल्लीच्या नावात मात्र मोहन बागान अजून आहे. क्लबही तिथे फार काळ टिकला नाही. आधी श्यामपुकुर, मग श्याम स्क्वेअर आणि शेवटी कोलकात्याचं मैदान, असं त्याचं बिऱ्हाड हलत राहिलं. थोडक्यात, ज्या जागेचं नाव लावलं ती जागा पहिल्या काही वर्षांतच मागे पडली, आणि सव्वाशेहून जास्त वर्षं लोक जपत आलेत ते नुसतं नाव.

स्थापना कधी झाली? १५ ऑगस्टला, हे खरं का?

खरं आहे: १५ ऑगस्ट १८८९. स्वातंत्र्यदिनाशी तारीख जुळली हा निव्वळ योगायोग, पण समर्थक तो सहजासहजी योगायोग मानत नाहीत. उत्तर कोलकात्यातली बोस, मित्र, सेन ही खानदानी घराणी यामागे होती. पहिले अध्यक्ष भूपेंद्रनाथ बोस. हेच पुढे १९१४ साली काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

सुरुवातीला नाव होतं 'मोहन बागान स्पोर्टिंग क्लब'. वर्षभराने प्रेसिडेन्सी कॉलेजातले प्राध्यापक रो एका समारंभाला आले होते. त्यांनी विचारलं, तुम्ही मासे पकडता का, शिकारबिकार करता का? उत्तर नकारार्थी आलं. मग 'स्पोर्टिंग' कशाला, 'ॲथलेटिक' म्हणा, असं त्यांनी सुचवलं आणि तसा बदल झाला. नावावरून चर्चा करायची या क्लबची सवय किती जुनी आहे, ते यावरून कळावं.

बंगालमध्ये फुटबॉलच का रुजला?

मेकॉलेपासून इंग्रजांनी बंगाली माणसावर 'नाजूक, लेचापेचा' असा शिक्का मारून ठेवला होता. तो पुसायचा तर अंगाला अंग भिडणारा खेळ हवा, हे तिथल्या शिकलेल्या तरुणांनी हेरलं. त्यात आघाडीवर होते नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी. १८९२ मध्ये त्यांच्या शोभाबाजार क्लबने ट्रेड्स कपमध्ये ईस्ट सरे रेजिमेंटला हरवलं होतं. म्हणजे गोऱ्या फौजी संघाला हरवणारा पहिला भारतीय क्लब मोहन बागान नव्हे. हे कोलकात्यात जाऊन मोठ्याने सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

मोहन बागानच्या पदरात पहिला कप पडला तो १९०४ मध्ये, कूचबिहार कप. पुढच्याच वर्षी ग्लॅडस्टोन कपच्या अंतिम सामन्यात त्यांनी डलहौसी क्लबला ६-१ असं धुतलं आणि १९०६ ते १९०८ सलग तीनदा ट्रेड्स कप नेला. १९११ चं गाजलेलं यश आभाळातून पडलं नव्हतं.

१९११ मध्ये नेमकं काय झालं?

आयएफए (इंडियन फुटबॉल असोसिएशन) शील्ड ही तेव्हाची सगळ्यात मानाची स्पर्धा. ती आधी कोणत्याही भारतीय संघाने जिंकलेली नव्हती. मोहन बागानने सेंट झेवियर्सला ३-० असं हरवलं, मग रेंजर्सला २-१ आणि रायफल ब्रिगेडला १-०. उपांत्य फेरीत मिडलसेक्स रेजिमेंटशी १-१ अशी बरोबरी झाली, सामना पुन्हा खेळवला आणि तो ३-० असा घेतला.

अंतिम सामना २९ जुलैला, ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटशी. बाहेरगावच्या लोकांसाठी जादा गाड्या सोडल्या होत्या, नदीतून जादा बोटी येत होत्या. गर्दीचे अंदाज साठ हजारांपासून ऐंशी हजारांपर्यंत जातात आणि त्यातल्या बहुतेकांना मैदानाचा तुकडाही दिसत नव्हता. मागच्यांना गुण कळावेत म्हणून पतंग उडवले गेले. आकाशात पतंग दिसला की मागे उभ्या हजारोंना गोल कुणाचा ते समजायचं. धावता स्कोअर दाखवायची याहून सुंदर सोय मला तरी माहीत नाही.

पूर्वार्ध कोराच गेला. उत्तरार्धात सार्जंट जॅक्सनने फ्री किकवर गोल केला आणि गर्दी चिडीचूप झाली. काही मिनिटांतच कर्णधार शिबदास भादुडीने बरोबरी साधली. सामना संपत आलेला असताना त्याच शिबदासने डावीकडून चेंडू आत दिला आणि अभिलाष घोषने तो जाळ्यात घातला. २-१.

शिबदास आणि त्याचा भाऊ बिजयदास एकाच संघात होते. अभिलाष कॉलेजात शिकत होता. सुधीर चटर्जी पेशाने शिक्षक, पुढे पाद्री झाले. पगारी खेळाडू एकही नाही. या संघाला बंगालीत 'अमर एकादश' म्हणतात. २९ जुलै हा आजही मोहन बागान दिन म्हणून साजरा होतो आणि २००१ पासून त्या दिवशी 'मोहन बागान रत्न' हा सन्मान दिला जातो. पहिले मानकरी होते शैलेन मन्ना.

खरंच सगळे अनवाणी होते?

अकरांपैकी दहा. सुधीर चटर्जी एकटे बूट घालून खेळले.

यात गरिबीचा भाग होता. बूट महाग होते, शिवाय मुलं लहानपणापासून तशीच खेळत आलेली. पण अनवाणी खेळणं म्हणजे नुसती लाचारी नव्हे. कोरड्या मैदानावर उघड्या पावलाला चेंडू बोटांनी खेचता येतो, तळव्याखाली दाबता येतो, क्षणात दिशा बदलता येते. जडशीळ बुटांतल्या सोल्जरला ते जमत नसे. खरी पंचाईत व्हायची पावसात. चिखल झाला की बुटांच्या तळाला पकड मिळायची आणि अनवाणी पोरं घसरत राहायची. त्यात फुटबॉलचा हंगाम ऐन पावसाळ्यातला, म्हणजे सामन्याआधी अख्खं उत्तर कोलकाता ढगांकडे बघत असणार.

ही सवय पुढे बरीच वर्षं टिकली. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये फ्रान्सकडून २-१ असा हरलेला भारतीय संघही बहुतांशी अनवाणीच होता. त्याचे कर्णधार तालिमेरेन आओ मोहन बागानचेच.

मोहन बागान जिंकला म्हणून इंग्रजांनी राजधानी दिल्लीला हलवली, हे खरं का?

नाही. १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात ती घोषणा झाली, म्हणून लोक दोन्ही गोष्टी जोडतात. दरबाराची तयारी त्याच्या कितीतरी आधीपासून चालली होती, आणि त्याच दरबारात बंगालची फाळणी रद्द झाली. त्यामागे राजकारण होतं, फुटबॉल नव्हता.

दुसरी दंतकथा मात्र मला मनापासून आवडते. सामना संपल्यावर कुणीतरी फोर्ट विल्यम या इंग्रजांच्या किल्ल्यावरच्या युनियन जॅककडे बोट दाखवून विचारलं, "हा कधी उतरणार?" उत्तर मिळालं, "मोहन बागान पुन्हा शील्ड जिंकेल तेव्हा." क्लबने दुसऱ्यांदा शील्ड जिंकली ती १९४७ मध्ये. संवाद खरा असो वा मागाहून रचलेला, साल खरं आहे.

लोगोमधली होडी कशाची?

ती शिडाची होडी आहे, बंगालीत 'पाल तोला नौका'. नद्यांच्या मुलखाला शोभणारीच खूण. त्याआधी झाडाखाली बसलेला वाघ हे चिन्ह होतं. होडीमुळेच समर्थक स्वतःला 'मेरिनर्स' म्हणवतात. रंग हिरवा आणि मरून.

घोटी आणि बांगाल ही काय भानगड आहे?

घोटी म्हणजे पिढ्यान् पिढ्या पश्चिम बंगालमधले. बांगाल म्हणजे मूळचे पूर्व बंगालचे, आजच्या बांगलादेशातले. मोहन बागान घोटींचा आणि ईस्ट बंगाल बांगालांचा, असं समीकरण कोलकात्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

ईस्ट बंगालचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा. निमित्त घडलं मोहन बागानविरुद्धच्याच सामन्याचं. जोडाबागान क्लबने शैलेश बोस या खेळाडूला वगळलं. तो पूर्व बंगालचा म्हणूनच वगळला, अशी भावना झाली आणि जोडाबागानचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांनी बाहेर पडून नवा क्लब काढला. २८ मे १९२५ ला दोघे लीगमध्ये पहिल्यांदा भिडले. ईस्ट बंगाल १-० ने जिंकला. पण या वैराला खरी धार चढली ती फाळणीनंतर. घरदार सोडून आलेल्या निर्वासितांना अनोळखी शहरात 'आपलं' म्हणावं असं फार थोडं होतं, त्यात ईस्ट बंगालची लाल-सोनेरी जर्सी होती. ईस्ट बंगालच्या समर्थकांचा आवेश समजून घ्यायचा तर इथून सुरुवात करावी लागते.

आता गंमत बघा. १९११ च्या त्या अमर संघातले निम्म्याहून जास्त खेळाडू मूळचे पूर्व बंगालचे! भादुडी बंधू फरीदपूरकडचे, अभिलाष घोष मैमनसिंगचा. बचावाच्या खेळामुळे ज्यांना 'चीनची भिंत' म्हटलं गेलं आणि १९६२ मध्ये पद्मश्री मिळालेले पहिले फुटबॉलपटू ठरले, ते गोष्ठ पालही फरीदपूरचेच. घोटींच्या क्लबच्या देव्हाऱ्यातले अर्धे देव बांगाल आहेत. घोटीपण ही या क्लबची जन्मखूण नव्हेच. समोर ईस्ट बंगाल उभा राहिल्यावर ते अंगावर चढलं. हे मान्य करायला जुने समर्थक तयार नसतात, पण संघाची यादी समोर ठेवली की विषय बदलतात.

आणि मासे?

घोटींची कोळंबी (बंगालीत चिंगडी), बांगालांचा इलिश, म्हणजे हिलसा मासा. मोहन बागान जिंकला की घरी चिंगडी आणायची, ईस्ट बंगाल जिंकला की इलिश. डर्बीला, म्हणजे या दोघांच्या सामन्याला, गॅलरीत कोळंबी मिरवणारेही दिसतात. कोळंबी हा मासा नाही, असा शास्त्रार्थ तिथे काढू नका.

मैदानावरच्या क्लबला 'तंबू' का म्हणतात?

कोलकात्याचं मैदान लष्कराच्या अखत्यारीत आहे, तिथे मनासारखं पक्कं बांधकाम करता येत नाही. पूर्वी खरोखर तंबू असायचे. आता कार्यालयं आणि गॅलऱ्या उभ्या आहेत, पण शब्द तोच राहिला. तिकीट न मिळालेले लोक फोर्ट विल्यमच्या तटाच्या उतारावर उभे राहून सामना बघायचे. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन स्पोर्टिंग, तिघांची मैदानं तिथेच जवळजवळ. एकमेकांचं तोंड न बघणारे शेजारी.

म्हणजे कोलकात्यात दोन नाही, तीन मोठे क्लब आहेत?

हो, आणि तिसऱ्याला विसरणं हा अन्याय आहे. कोलकाता लीग जिंकणारा पहिला भारतीय क्लब मोहमेडन स्पोर्टिंग. १९३४ ते १९३८ सलग पाच वर्षं त्यांनी ती नेली. मोहन बागानला लीगसाठी १९३९ ची वाट पाहावी लागली.

मुंबईशी या क्लबचा काही संबंध?

भरपूर. कूपरेजवर व्हायचा तो रोव्हर्स कप मोहन बागानने १४ वेळा नेला. १९७७ मध्ये तर आयएफए शील्ड, रोव्हर्स आणि ड्युरँड असे तिन्ही कप एकाच हंगामात घेतले.

चुनी गोस्वामींचा किस्सा वेगळाच. आख्खी कारकीर्द ते मोहन बागानकडूनच खेळले. १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय फुटबॉल संघाचे ते कर्णधार होते. पुढे हाच माणूस १९७१-७२ च्या रणजी अंतिम सामन्यात बंगालचा कर्णधार म्हणून उतरला, समोर होती मुंबई. रणजी मुंबईनेच जिंकली, हे वेगळं सांगायला नको. अलीकडचा हिशेब बरोबरीचा आहे. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई सिटीला २-१ असं हरवून मोहन बागानने आयएसएलची लीग शील्ड (साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाचा मान) घेतली आणि मेमध्ये मुंबईने कोलकात्यातच ३-१ ने आयएसएल चषकाचा अंतिम सामना जिंकून परतफेड केली.

पेले मोहन बागानविरुद्ध खेळले होते का?

हो. २४ सप्टेंबर १९७७, ईडन गार्डन्स, समोर पेलेंचा संघ न्यूयॉर्क कॉसमॉस. सामना २-२ असा बरोबरीत सुटला. मोहन बागानचे प्रशिक्षक होते पी. के. बॅनर्जी.

परदेशी खेळाडूंना क्लबचा विरोध होता म्हणतात?

होता. इतर क्लब परदेशी खेळाडू आणत असताना मोहन बागान बराच काळ 'फक्त भारतीय' यावर अडून बसला होता. १९९१ मध्ये नायजेरियाच्या चिमा ओकोरीला घेतलं तेव्हा ती परंपरा मोडली. आणि पुढे काय झालं? ब्राझीलचा होसे रामिरेझ बॅरेटो आला, गोल करत राहिला आणि लोकांनी त्याला 'सबुज तोता', म्हणजे हिरवा पोपट, असं लाडाचं नाव देऊन टाकलं. आपला कोण आणि परका कोण याचा निकाल गॅलरी एकाच हंगामात लावते.

सगळ्यात मोठी हार कोणती?

१९७५ च्या आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालकडून ५-०. नव्या पिढीतली दुखरी आठवण १९९७ च्या फेडरेशन कप उपांत्य सामन्याची. प्रशिक्षक अमल दत्त यांच्या 'डायमंड' रचनेचा मोठा गाजावाजा होता. सॉल्ट लेक स्टेडियमवर १ लाख ३१ हजारांहून जास्त माणसं जमली होती. बायचुंग भुतियाने हॅटट्रिक केली आणि ईस्ट बंगाल ४-१ ने जिंकला.

१६ ऑगस्टला काय असतं?

१६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर डर्बी चालू असताना गॅलरीत हाणामारी उसळली, चेंगराचेंगरी झाली आणि १६ प्रेक्षकांचा जीव गेला. दोन्ही बाजूंचे समर्थक तो दिवस पाळतात. या विषयावर तिथे कुणी विनोद करत नाही.

एटीके मोहन बागान, मोहन बागान सुपर जायंट: नावावरून एवढा वाद का झाला?

२०२० मध्ये क्लबच्या फुटबॉल विभागातला ८० टक्के हिस्सा आरपीएसजी समूहाने घेतला. आयएसएलमधला एटीके (मूळ नाव ॲटलेटिको दे कोलकाता) हा संघ याच समूहाचा. त्यातून 'एटीके मोहन बागान' तयार झाला. हिरवा-मरून रंग राहिला, होडीही राहिली. म्हणजे व्यवहाराच्या दृष्टीने मोहन बागानने फार काही गमावलं नव्हतं. उलट पैसा आला, आयएसएलमध्ये जागा मिळाली, चांगले खेळाडू आले.

तरी समर्थक उसळले. नावामागे प्रायोजक लागायची ती काही पहिली वेळ नव्हती. १९९८ पासून 'मॅकडॉवेल्स मोहन बागान' असं नाव लोकांनी निमूट चालवून घेतलं होतं. पण मॅकडॉवेल्स ही दारू होती, प्रतिस्पर्धी नव्हे. एटीके हा त्याच शहरातला, २०१४ साली जन्मलेला दुसरा संघ होता. सव्वाशे वर्षांच्या नावाच्या पुढे सहा वर्षांच्या नावाने उभं राहायचं, हे काही पचेना. 'रिमूव्ह एटीके' ही घोषणा फलकांवर आली, भिंतींवर आली, सोशल मीडियावर तर रोजच दिसू लागली. संघ जिंकत असतानाही लोक घोषणा देत राहिले, हे विशेष. निकालावरून चिडलेला प्रेक्षक सगळीकडे भेटतो, अक्षरांवरून चिडलेला क्वचित.

१८ मार्च २०२३ ला गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर बेंगळुरूला पेनल्टीवर हरवून संघ आयएसएल विजेता झाला. तिथेच आरपीएसजीचे प्रमुख संजीव गोयंका यांनी जाहीर केलं की पुढच्या हंगामापासून नाव 'मोहन बागान सुपर जायंट' असेल. चषक मोठा की घोषणा मोठी, याबद्दल समर्थकांत आजही एकमत नाही. 'सुपर जायंट' हे शेपूट मला स्वतःला फारसं रुचत नाही, पण शेपूट मागे असतं, पुढे नाही. बहुतेकांनी ते याच हिशेबाने गिळलं.

सध्या संघ कसा आहे?

जोरात. २०२३ मध्ये ईस्ट बंगालला १-० असं हरवून सतरावा ड्युरँड कप घेतला, त्यानंतर लागोपाठ दोनदा लीग शील्ड. २०२४-२५ मध्ये शील्डबरोबर चषकही मिळाला. अंतिम सामन्यात समोर पुन्हा बेंगळुरू, निकाल २-१.

दोन्ही बाजूंचे समर्थक कधी एकत्र येतच नाहीत का?

ऑगस्ट २०२४ मध्ये आले. आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाल्यानंतर शहर रस्त्यावर उतरलं होतं. १८ ऑगस्टची ड्युरँड डर्बी सुरक्षेचं कारण देऊन रद्द करण्यात आली. त्या संध्याकाळी सामना नसतानाही सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर दोन्ही रंगांच्या जर्सी घातलेली माणसं जमली, मोहमेडनचेही आले. एकमेकांच्या खांद्यावर चढून त्यांनी तिच्यासाठी न्याय मागितला. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, त्यांनी रंग पाहिला नाही.

पहिल्यांदा डर्बी बघायला जातोय. काही सूचना?

मोहन बागानच्या बाजूला बसणार असाल तर लाल आणि पिवळं, म्हणजे ईस्ट बंगालचे रंग, अंगावर नकोत. घोषणा सोपी आहे, 'जय मोहन बागान', ती लगेच जमेल. आणि शेजारचे काका मध्यंतरात "देशेर बाडी कोथाय?" असं विचारतील. शब्दशः ते 'तुमचं गाव कुठलं' एवढंच विचारताहेत. प्रत्यक्षात घरात कोळंबी शिजते की इलिश, ते काढून घ्यायचं असतं. महाराष्ट्र म्हणालात की काका क्षणभर थांबतील आणि मग जागा करून देतील.